सीडी प्लेअर एकाच बॉक्समध्ये की दोन? विद्युत गोंगाटाच्या अंगाने तुलना

सीडी प्लेअरच्या आरसीए सॉकेटमधून (जिथून ॲम्प्लिफायरला केबल जाते) येणारा सिग्नल पूर्ण जोरात असताना साधारण 2 व्होल्टचा असतो. सीडीच्या 16 बिटांत सर्वात मोठा आवाज आणि तळाचा गोंगाट यांतलं अंतर सैद्धांतिकदृष्ट्या जास्तीत जास्त 98 डेसिबल. हिशेब केला तर तळाचा गोंगाट जेमतेम 25 मायक्रोव्होल्ट निघतो. इतक्या नाजूक सिग्नलच्या शेजारीच एक मोटर फिरत असते: लेझर आतल्या कडेला असताना मिनिटाला सुमारे 500 फेरे, बाहेरच्या कडेला गेल्यावर 200. लेन्सला फोकसवर आणि ट्रॅकवर धरून ठेवणाऱ्या कॉइल सतत झटक्याझटक्याने करंट ओढतात, आणि डिस्कवर ओरखडे असले की आणखीच. त्यात डिस्प्लेची आणि प्रोसेसरची भर. त्यामुळे महागडा प्लेअर निवडताना माझा पहिला प्रश्न असतो, या सगळ्यांचा करंट कोणत्या वाटेने परत जातो?

एका बॉक्सच्या प्लेअरची मोठी जमेची बाजू म्हणजे क्लॉक, म्हणजे आकड्यांचा ताल धरणारं घड्याळ. मुख्य क्लॉक डॅक चिपला (आकड्यांतून संगीताचा सिग्नल बनवणारी चिप) अगदी चिकटून बसवता येतो आणि डिस्क वाचणारी यंत्रणा त्याच्या तालावर चालवता येते. 20 किलोहर्ट्झच्या सुरात 16 बिटांची अचूकता टिकवायची तर वेळेतली चूक सुमारे 120 पिकोसेकंदांच्या आत हवी. कागदावरची ही कसोटी कडक आहे, पण काही सेंटिमीटरच्या वायरीवर ती पाळणं सोपं जातं.

उणी बाजू ग्राउंडची, म्हणजे करंट परत जाण्याच्या सामाईक वाटेची. मोटरचा करंट आणि संगीताचा सिग्नल एकाच तांब्याच्या पट्टीवरून परतले, तर पट्टीच्या किंचित रोधामुळे मोटरची धडपड थेट संगीतात मिसळते. चांगले डिझाइनर इथे मेहनत घेतात. मोटर, डिजिटल आणि ॲनालॉग भागांना ट्रान्सफॉर्मरची वेगळी वाइंडिंग (तारेची गुंडाळी), प्रत्येकाला वेगळा रेग्युलेटर, आणि सगळी ग्राउंड एकाच बिंदूला जोडलेली. मरांट्झ आपल्या वरच्या मॉडेलच्या चासीला तांब्याचा मुलामा देते, त्यामागेही ग्राउंडचा रोध कमी करण्याचाच विचार आहे. डिस्प्ले बंद करण्याचं बटण असेल तर ते वापरून बघा. फरक प्रत्येक मशीनमध्ये ऐकू येईलच असं नाही, पण गोंगाटाचा एक उगम खात्रीने कमी होतो.

दोन बॉक्सच्या पद्धतीत ट्रान्सपोर्ट (डिस्क फिरवून वाचणारा भाग) वेगळा, डॅक वेगळा. ॲक्युफेज या जपानी कंपनीने 1986 मध्ये डीपी-80 आणि डीसी-81 ही जोडी याच विचाराने आणली. मोटर दुसऱ्या पेटीत गेली, तिचा ट्रान्सफॉर्मरही गेला. मात्र आता मधे केबल आली, आणि खरेदीचा खरा निर्णय या केबलपाशी होतो.

कोॲक्सिअल केबल 75 ओहमची. ती डेटा आणि क्लॉक दोन्ही एकाच सिग्नलमध्ये नेते, आणि डॅकला त्यातून ताल पुन्हा शोधून काढावा लागतो. शिवाय तिची बाहेरची जाळी दोन्ही बॉक्सची ग्राउंड जोडते. जी वाट तोडायला दुसरी पेटी विकत घेतली, ती या जाळीने पुन्हा जोडली जाते. ट्रान्सपोर्टच्या आउटपुटला छोटा पल्स ट्रान्सफॉर्मर (ग्राउंड न जोडता सिग्नल पुढे नेणारा) असेल तर ही अडचण बरीच सुटते. तो आहे का, हे दुकानदाराला विचाराच. टॉसलिंक, म्हणजे प्रकाशाची केबल, ग्राउंड पूर्ण तोडते, पण तिचे रिसिव्हर क्लॉकच्या कडा थोड्या अस्थिर करतात. म्हणून माझं मत असं: डॅकमध्ये चांगलं रिक्लॉकिंग (आलेला ताल स्वतःच्या क्लॉकने पुन्हा नीट लावणं) असेल तर बेधडक टॉसलिंक लावा, नसेल तर ट्रान्सफॉर्मरवाली कोॲक्सिअल.

एसएसीडी (सीडीपेक्षा वरच्या दर्जाची डिस्क) ऐकणाऱ्यांसाठी मात्र हा सगळा वाद जवळपास निकालात निघतो. एसएसीडीचा डीएसडी थर, म्हणजे तिच्यावरची उच्च दर्जाची नोंद, नेहमीच्या कोॲक्सिअल किंवा टॉसलिंकमधून बाहेर दिलाच जात नाही. त्यासाठी एचडीएमआय किंवा त्या कंपनीचीच खास जोडणी लागते, आणि खास जोडणी असेल तर डॅकही बहुधा त्यांचाच घ्यावा लागतो. अशांनी एक बॉक्स घ्यावा.

तिसरी वाट नेम या ब्रिटिश कंपनीची: सीडीएस या पहिल्याच प्लेअरपासून त्यांनी पॉवर सप्लाय वेगळ्या पेटीत ठेवला. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र दूर गेलं आणि क्लॉक डॅकजवळच राहिला. मोटर मात्र आतच राहते.

पॉवर सप्लायबद्दल दुकानात एकच ऐकायला मिळतं, लिनिअर (थेट मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारा) चांगला आणि स्विचिंग (मोबाइल चार्जरसारखा, वेगाने चालू-बंद होणारा) वाईट. हे मला पटत नाही. लिनिअरमध्ये 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र आणि 100 हर्ट्झची गुणगुण असते. गोल टोरॉइड ट्रान्सफॉर्मर क्षेत्र कमी पसरवतो, पण त्याच्या वाइंडिंग एकमेकींना इतक्या जवळ असतात की मेन्सवरचा उच्च वारंवारतेचा कचरा सहज पलीकडे जातो. जपानी कंपन्यांचा आवडता आर-कोर ट्रान्सफॉर्मर याबाबत उजवा. स्विचिंगचा गोंगाट दहा-वीस किलोहर्ट्झच्या बराच वर असतो आणि नीट गाळला तर त्रास देत नाही. लिन या ब्रिटिश कंपनीने महागड्या उपकरणांतही स्विचिंग सप्लाय वापरले आहेत. खरा धोका स्वस्त ॲडॅप्टरचा. त्यातल्या वाय-कपॅसिटरमधून (मेन्स आणि आउटपुट यांच्या मधे बसवलेला, गोंगाट गाळणारा भाग) थोडा करंट सतत आउटपुटच्या ग्राउंडवर येतो आणि आरसीए केबलच्या जाळीतून ॲम्प्लिफायरकडे जातो. दोन पिनच्या उपकरणाच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण होते, ती यामुळेच. वेगळा डॅक अशा ॲडॅप्टरवर चालणार असेल तर दोन बॉक्सचा फायदा तिथेच संपतो.

आपल्याकडे घरात इन्व्हर्टर, फॅनचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडी दिवे असतातच. तेव्हा प्लेअरबरोबर ॲम्प्लिफायरचाही विचार करा. दोन्हींना खरे बॅलन्स्ड एक्सएलआर (एकच सिग्नल दोन तारांतून उलटसुलट नेणारी जोडणी) असतील तर केबलवर दोन्ही तारांत सारखा शिरलेला गोंगाट बराचसा वजा होतो. लांब केबल टाकायची असेल तर मी बॉक्सच्या संख्येपेक्षा या सोयीला जास्त महत्त्व देईन.

पैसे मर्यादित असतील तर वेगळ्या वाइंडिंगचा, तीन पिनच्या प्लगचा आणि एक्सएलआर असलेला एकच बॉक्स घ्या. संगणक, टीव्ही आणि सीडी सगळं एकाच डॅकवर ऐकायचं असेल तर दोन बॉक्स रास्त आहेत. कोणताही घ्या, पण आधी घरी आणून तपासा: डिस्क पॉजवर ठेवा, ॲम्प्लिफायरचा आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवा, स्पीकरला कान लावा, मग फॅनचा रेग्युलेटर फिरवा आणि सेट-टॉप बॉक्सची डिश केबल काढून बघा. गुणगुण केबल काढल्यावर थांबली, तर दोष प्लेअरचा नाही, ग्राउंड लूपचा (उपकरणांची ग्राउंड एकाहून जास्त वाटांनी जोडली जाण्याचा) आहे, आणि तो कोणत्याही किमतीच्या प्लेअरने जाणार नाही.