बेळगाव–निपाणी बस आणि तिच्या नावाचा अर्थ

बेळगावच्या सीबीटीवरून, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावरून, निपाणीला जाणाऱ्या साध्या बसविषयी लिहिताना आधी ‘बस’ या शब्दाविषयी लिहिले पाहिजे, कारण ही सेवा कोणत्या मापाने जोखावी हे त्या शब्दातच आहे. ‘बस’ हा ‘ऑम्निबस’ या शब्दाचा उरलेला तुकडा, आणि ‘ऑम्निबस’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’. फ्रान्समधील नांत शहरात १८२६ मध्ये स्तानिस्लास बोद्री यांनी आपल्या स्नानगृहाकडे गिऱ्हाइके आणण्यासाठी घोडागाडी सुरू केली. लोक वाटेतच चढू-उतरू लागले, तेव्हा त्यांनी गाडीलाच धंदा केले. १८२९ मध्ये जॉर्ज शिलिबीर यांनी तशी गाडी लंडनमध्ये चालवली आणि पुढे इंग्रजांच्या तोंडी मूळ शब्द गळून मागचा प्रत्यय तेवढा उरला. ‘सर्वांसाठी’मधले ‘सर्व’ जाऊन नुसते ‘साठी’ राहावे, तसे हे झाले. संस्कृत ‘सर्वेभ्यः’मधला ‘भ्यः’ हा त्याच प्रत्ययाचा दूरचा नातलग आहे, हे कळल्यापासून मला हा शब्द परका वाटत नाही.

या मापाला ही बस बऱ्याच अंशी उतरते. वडाप, म्हणजे प्रवासी भरून नेणारी खासगी गाडी, भरल्याशिवाय हलत नाही. ही मात्र निम्मी रिकामी असली तरी सुटते आणि काकती, हत्तरगी, संकेश्वर करीत भाजीच्या बुट्ट्या, कॉलेजची मुले आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे यांना सारख्याच आपलेपणाने नेते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना राज्याच्या हद्दीत साध्या बसचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून आधार कार्ड दाखवून शून्य रुपयांचे तिकीट घेणाऱ्या बायकांची गर्दी वाढली आहे. उभे राहावे लागते, तरीही एरवी घराबाहेर न पडणाऱ्या बायका माहेरी आणि बाजाराला जाताना दिसतात, याचे मोल मला अधिक वाटते. कंडक्टर ‘संकेश्वर बंतु’ म्हणतात आणि त्याच दमात ‘संकेश्वर आलं, उतरा मावशी’ असेही सांगतात.

उणीव एकच, पण ती मोठी आहे. गेल्या खेपेस मी ज्या बसने गेलो तिची पाटी केवळ कन्नडमध्ये होती, आणि मराठीच वाचता येणाऱ्या एका आजोबांना गाडी कुठली हे तिघांना विचारावे लागले, तोवर बसायची जागा संपली होती. कन्नड पाटी हवीच. तिच्याखाली देवनागरीत ‘निपाणी’ एवढी तीन अक्षरे लिहावीत.