हाताला मुंग्या येतात म्हणून एनसीव्ही टेस्ट केली, विश्रामबागच्या सेंटरचा अनुभव

एनसीव्ही (नर्व्हमधून म्हणजे मज्जातंतूतून सिग्नल किती वेगानं जातो ते मोजायची टेस्ट) करायला सांगितलीय पण "शॉक देतात म्हणे" असं कुणाकडून तरी ऐकून टेस्ट पुढं ढकलताय, अशा सगळ्यांसाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय. सांगली-मिरज रोडला विश्रामबागमधल्या या सेंटरला आमच्या सासूबाईंची, म्हणजे आत्यांची, दोन्ही हातांची टेस्ट केली. टेस्ट निवांत करतात, नीट करतात आणि विचारलं की समजावून सांगतात, त्यासाठी आम्ही तासगावाहून आलो ते सार्थकी लागलं.

आत्यांचं सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलंय, छाटणी, विरळणी, डिपिंग, सगळं. विरळणीच्या दिवसात सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातात ती छोटी कात्री आणि मनगट वाकडं. रात्री झोपेतून उठून हात झटकत बसायच्या, "अंगठा आन् ही दोन बोटं मेल्यागत होत्यात गं, करंगळीला काय न्हाई" असं म्हणायच्या. आधी एका ठिकाणी मानेचा पट्टा आणि बी-१२ ची इंजेक्शनं यावर कित्येक महिने गेले, हाताला कुणी हातसुद्धा लावून बघितला नाही, त्याचा मला अजून राग येतो कारण "करंगळीला काय नाही" हे वाक्यच निम्मं निदान आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना मीडियन नर्व्हकडे असते, करंगळीची अल्नर नर्व्हकडे. मीडियन नर्व्ह मनगटात एका अरुंद बोगद्यातून जाते, तिच्या सोबतीला त्याच बोगद्यात बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या म्हणजे टेंडन, त्यांना सूज आली की दाब येतो तो हिच्यावर. अल्नर त्या बोगद्याच्या बाहेरून जाते म्हणून करंगळी सुटते. इथल्या टेक्निशियन ताईंनी हे आत्यांच्या तळहातावर पेनानं रेघ मारून दाखवलं, दोन मिनिटांचं काम, पण आत्यांची भीती तिथंच निम्मी गेली.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. थंडीतली सकाळ, आम्ही टू-व्हीलरवरून आलेलो, आत्यांचे हात गार. ताईंनी आधी हाताचं तापमान मोजलं, २८ डिग्री आलं, आणि टेस्ट सुरूच केली नाही. कोमट पाण्यात हात ठेवायला लावला, नंतर टॉवेल गुंडाळून बसवलं, ३२ च्या वर गेल्यावरच मशीन चालू. बाहेर नंबर लागलेले असताना हे करायला मन लागतं. यामागचं कारण असं की नर्व्हमधला सिग्नल पेशीच्या पडद्यातली बारीक दारं उघडून-मिटून पुढं सरकतो, गारव्यात ती दारं हळू उघडतात आणि एकेका डिग्रीला सिग्नलचा वेग साधारण दोन मीटर प्रति सेकंदानं कमी होतो. म्हणजे चार डिग्री गार हातावर घाईनं टेस्ट केली असती तर आठेक मीटरचा फरक फुकटचा आला असता आणि चांगली नर्व्हसुद्धा कागदावर आजारी दिसली असती. तुम्ही कुठंही टेस्ट करा, हात गार असेल तर "तापमान बघितलं का" एवढं विचाराच.

शॉकबद्दल. टिचकी मारल्यासारखं वाटतं, एकदम दचकायला होतं, पण जखम नाही की भाजणं नाही, आणि प्रत्येक वेळी आधी "मावशी, आता देते हं" सांगून देतात. अंगठ्याच्या बुडाच्या गादीवर एक पट्टी चिकटवतात, मनगटावर शॉक देतात आणि अंगठा आपोआप उडतो. आत्या बघतच राहिल्या, "मी न्हाई हलवला!" मी हायस्कूलला सायन्स शिकवते, फळ्यावर न्यूरॉनचं म्हणजे मज्जापेशीचं चित्र वर्षानुवर्षं काढतेय, पण तो अंगठा उडताना बघणं वेगळंच. त्यात अजून एक बारकावा दिसला. करंट अगदी कमी असताना काहीच नाही, थोडा वाढवला की अंगठा जरासा हलला, अजून वाढवला की अजून जोरात, आणि एका टप्प्यानंतर कितीही वाढवा, स्क्रीनवरची लाट तेवढीच. का, तर नर्व्ह म्हणजे हजारो तंतूंची जुडी, आणि प्रत्येक तंतूचा हिशोब एकच, उंबरठा ओलांडला तर पूर्ण सिग्नल, नाही तर काहीच नाही. अर्धा सिग्नल नसतोच. करंट वाढला की जास्त तंतू सामील होतात म्हणून लाट वाढते, सगळे सामील झाले की वाढायला कुणी उरतच नाही. म्हणूनच ताई त्या टप्प्याच्या थोडं वर जाऊन रीडिंग घेतात, तिथं कंजुषी केली तर लाट खोटीच लहान दिसते. ते शेवटचे एक-दोन शॉक जरा जोराचे लागतात ते त्यासाठी, सहन करा.

हा सिग्नल म्हणजे घरातल्या वायरमधली वीज नव्हे. शांत बसलेल्या न्यूरॉनच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्ट कमी असतात, उणे ७०. ते उणे ५५ च्या आसपास आलं की सोडियमची दारं धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतो, आतली बाजू थोडा वेळ धन होते, मग ती दारं मिटतात आणि पोटॅशियम बाहेर जाऊन सगळं पूर्वपदावर येतं, हे सगळं एखाद्या मिलिसेकंदात. शेजारचा तुकडा त्यानं जागा होतो, मग त्याच्या शेजारचा. आणि आत-बाहेरचा हा फरक टिकवायला एक पंप कायम चालू असतो, तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, झोपेतसुद्धा. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के पण ऊर्जा खातो वीस टक्के, त्यातला मोठा वाटा याच कामाला जातो. हे गणितात बसवलं हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये, माकुळाच्या (स्क्विड, समुद्रातला प्राणी) जाडजूड तंतूवर प्रयोग करून, १९६३ ला नोबेल मिळालं. माकुळाचा तो तंतू मिलिमीटरभरसुद्धा जाड असू शकतो, कारण त्याच्यावर मायलिनचं आवरण नसतं, वेग वाढवायचा तर जाड व्हायचं एवढाच मार्ग त्याला. आपल्याकडे मायलिन आहे, चरबीचं आवरण, त्यात साधारण मिलिमीटरभर अंतरावर फटी, आणि सिग्नल या फटीवरून त्या फटीवर उडी मारत जातो, म्हणून केसापेक्षा बारीक तंतूतून सेकंदाला पन्नास-साठ मीटर.

वेग मोजतात कसा ते बघून मला फार आनंद झाला, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. मनगटावर शॉक दिला, अंगठ्याच्या स्नायूत लाट आली ५.६ मिलिसेकंदांनी. मग कोपरात शॉक दिला, लाट आली ९.६ मिलिसेकंदांनी. साध्या शिंप्याच्या टेपनं मधलं अंतर मोजलं, २२ सेंटीमीटर. ४ मिलिसेकंदात २२ सेंटीमीटर म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. एकाच जागी शॉक देऊन भागत नाही कारण नर्व्ह जिथं संपते तिथं वीज थेट स्नायूत जात नाही, मध्ये फट असते, तिथं अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूला जाऊन भिडतं, मग स्नायू जागा होतो, त्यात वेळ जातो. दोन आकडे वजा केले की तो वेळ आपोआप निघून जातो. हीच युक्ती हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८५० च्या सुमारास बेडकाच्या नर्व्हवर वापरली होती, तेव्हा त्याचे गुरू म्युलर यांच्यासारखे मोठे लोक म्हणायचे की हा वेग कधी मोजताच येणार नाही, आणि त्यानं दाखवलं की तो सेकंदाला तीसेक मीटरच आहे. पावणेदोनशे वर्षांनी तीच वजाबाकी विश्रामबागेत आमच्या आत्यांच्या हातावर!

आता रिपोर्ट. कोपर ते मनगट ५५, झकास. पण मनगटापासून अंगठ्याला जायला ५.६ लागतात, ते चारच्या आसपास असायला हवं. बोटाची संवेदना वाहणाऱ्या तंतूंचा वेग मधल्या बोटाला ३६ आणि करंगळीला ५४. म्हणजे मान नाही, कोपर नाही, गाडी अडतेय ती नेमकी मनगटात. संवेदनेचे हे सिग्नल फारच बारीक, मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे मिलिव्होल्टच्याही हजाराव्या भागात मोजायचे, त्यामुळं तेच रीडिंग बऱ्याच वेळा घेऊन सरासरी काढतात आणि मोबाईल बाहेर ठेवायला लावतात, त्यावर कटकट करू नका. डॉक्टरांनी अजून एक गोष्ट दाखवली जी रिपोर्ट वाचताना कामाची आहे, वेग कमी पण लाटेची उंची चांगली असेल तर मायलिन दाबलं गेलंय, आतले तंतू शाबूत आहेत, सुधारणेला वाव आहे. उंचीच घटली तर तंतू मरायला लागलेत किंवा सिग्नल मध्येच अडतोय, मग वेळ घालवून चालत नाही. आत्यांची उंची चांगली आली.

सुईची टेस्ट (ईएमजी) डॉक्टर स्वतः करतात. अंगठ्याच्या स्नायूत बारीक सुई घालतात, त्यातून करंट देत नाहीत, फक्त ऐकतात, स्पीकर लावलेला असतो. हात सैल सोडला की शांतता हवी. नर्व्ह तुटलेली असेल तर पोरका झालेला स्नायू आपला आपण कुरकुरतो, पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा आवाज येतो म्हणाले. आत्यांच्या स्नायूत शांतता होती. मग अंगठा हळूच दाबायला लावला तर टक, टक, टक, जोर वाढवला तसे ठोके भराभर आणि नवीन ठोके त्यात मिसळत गेले. जोर वाढतो तो असा, सिग्नल मोठा होत नाही, सिग्नलांची संख्या वाढते. हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत असतं, इथं कानानं ऐकलं.

पुतण्या वालचंदला इंजिनिअरिंगला आहे, तो सोबत होता आणि त्याला न्यूरल नेटवर्क म्हणजे कॉम्प्युटरचंच माहिती. डॉक्टर निवांत होते तर त्यांची चांगली चर्चा झाली. १९४३ मध्ये मॅककलॉक आणि पिट्स या शास्त्रज्ञांनी न्यूरॉनचं गणिती रूप मांडलं, येणाऱ्या सगळ्या सिग्नलांची बेरीज करा, उंबरठ्याच्या वर गेली तर एक, नाही तर शून्य, तिथून ही कॉम्प्युटरची शाखा वाढत गेली. बेरीज खऱ्या न्यूरॉनमध्येही होते, काही शेजारी उचकवणारे, काही आवरणारे, हजारो जागी जोडलेले. पण कॉम्प्युटरमधला आजचा न्यूरॉन बहुतेक ठिकाणी एक आकडा पुढं सरकवतो, खरा न्यूरॉन ठोके देतो, कधी देतो आणि किती भराभर देतो यात अर्थ असतो, शिवाय गारठतो, दाबला जातो, थकतो. पोरगं परत येताना गाडीवर त्यावरच बोलत होतं, मला बरं वाटलं.

खटकलेल्या गोष्टीही सांगते. सेंटर वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, आणि इथं येणारे निम्मे पेशंट पायात जोर नसलेले. आमच्यासमोर एका आजोबांना दोघांनी उचलून वर आणलं, ते बघवत नाही, खाली एखादी खोली घ्यायलाच हवी. वेळ अकराची दिली होती, आत घ्यायला सव्वा वाजला. रिपोर्ट नुसता आकड्यांचा आणि इंग्रजीत, खाली चार ओळी मराठीत लिहिल्या तर गावाकडच्या पेशंटला केवढा आधार होईल. दोन्ही हातांचे अडीच हजार घेतले, फोनवर सांगितले तेवढेच.

येताना हाताला तेल किंवा क्रीम लावू नका, बांगड्या-अंगठ्या घरीच काढून ठेवा (आत्यांची अंगठी साबण लावून काढताना पाव तास गेला), उपाशी यायची गरज नाही. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर नंबर लावतानाच सांगा.

आत्यांना रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिलाय, शुगर आणि थायरॉईड तपासायला सांगितलं, कात्रीचं काम सध्या बंद. रात्रीचं उठणं कमी झालंय, तीनेक महिन्यांनी परत बघू आणि गरज पडली तर छोटं ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले.

आणि मधुमेहवाल्यांसाठी एक खास. ही टेस्ट फक्त जाड, मायलिनवाल्या, वेगवान तंतूंची आहे. तळपायाची आग, जळजळ वाहून नेणारे तंतू अगदी बारीक आणि बहुतेक बिनमायलिनचे, सेकंदाला एक-दोन मीटर वेगाचे, ते या मशीनला दिसत नाहीत. त्यामुळं पायाची आग होतेय आणि एनसीव्ही नॉर्मल आली तर घरच्यांनी "तुला काही झालेलं नाही" म्हणू नये, रिपोर्ट घेऊन परत डॉक्टरांकडं जा आणि बारीक तंतूंचं काय ते विचारा. इथले डॉक्टर हे स्वतःहून सांगतात.