स्प्रे की मेण? डायमध्ये काडतुसाची केस अडकू नये म्हणून

झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी नळी, म्हणजे केस, पुन्हा भरण्याआधी डाय या पोलादी साच्यात दाबून मापाला आणावी लागते; हेच साइझिंग. रायफलच्या केसेसना त्यासाठी वंगण लागतंच, यावर वाद नाही. पिस्तुलाच्या सरळ केसेस कार्बाइडच्या (अतिकठीण, गुळगुळीत) डायमधून कोरड्या निघतात. त्याच सवयीने .३०८ या रायफलच्या केसला हात घातला की पहिल्या फटक्यातच अद्दल घडते. प्रश्न उरतो तो कुठलं वंगण, एवढाच. वंगण लावलेल्या पॅडवर केस घोळवायची जुनी पद्धत मी लवकर सोडली. पॅडवर धूळ बसते आणि शोल्डरवर (केसच्या निमुळत्या खांद्यावर) वंगण नको तितकं चढतं. म्हणजे निवड दोघांत: लॅनोलिन (लोकरीतलं स्निग्ध द्रव्य) आणि अल्कोहोलचा स्प्रे किंवा डबीतलं मेण. मी दोन्ही वापरून बसलोय.

स्प्रेचा मोह पडतो तो उगाच नाही. घरी करता येतो. एक भाग पातळ लॅनोलिन, दहा-बारा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते ९९ टक्क्यांचं असलं तर बरं, कारण पाणी जास्त असलं की लॅनोलिन नीट मिसळत नाही. केसेस पिशवीत टाकायच्या, फवारायचं, हलवायचं, वाळू द्यायचं. .२२३ च्या दोन-तीनशे केसेस बघता बघता तयार. थोडं नेकच्या, म्हणजे केसच्या अरुंद मानेच्या, तोंडातही जातं, त्यामुळे डायमधला एक्सपांडर (नेक आतून रुंद करणारा गोळा) परत येताना किंचाळत नाही. या बाबतीत मेण मागेच पडतं.

माझं बिनसलं ते एकाच गोष्टीवर. स्प्रे कुठल्या केसला लागला आणि कुठल्या नाही, हे बघून कळत नाही. पिशवीतल्या सगळ्या सारख्याच चकचकीत दिसतात. त्या दिवशी मी घाईतही होतो, अल्कोहोल पुरतं उडायच्या आधीच सुरुवात केली. अल्कोहोल हे नुसतं वाहन. वंगण लॅनोलिनच, आणि ओलं असताना त्याचा थर धरत नाही. पंचवीस-तीस केसेस लोण्यासारख्या गेल्या. पुढची वर जाताना जड लागली, मी प्रेसचा दांडा तसाच रेटला, आणि परत ओढताना केस धरणाऱ्या शेल होल्डरने तिची रिम (बुडाची कड) ओरबाडून काढली. केस आत, दांडा हातात सैल.

ज्यांनी हे केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. डीकॅपिंग रॉड (केसच्या बुडातली जुनी टोपी ढकलून काढणारी डायमधली सळई) जमेल तितका मागे घ्या, केसचं बूड भोक पाडून रुंद करा, पाव इंची टॅपने आटे पाडा, वर नळीचा तुकडा नि वॉशर ठेवून बोल्ट आवळत केस बाहेर ओढा. माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली. डाय वाचली, पण एक्सपांडर खरवडला गेला.

त्यानंतर मेणाकडे वळलो. बोटाच्या पेराला जरासं घ्यायचं आणि केस दोन बोटांत फिरवायची, बुडाच्या बाजूला जरा जास्त लक्ष देऊन, कारण अडकते ती तिथेच. एका बोटभर मेणात तीन-चार केसेस सहज होतात. वेळ लागतो, खरंय. नेकच्या आतून वेगळं काहीतरी करावं लागतं. मी ब्रशला अभ्रकाची पूड लावून दर चार-पाच केसेसनंतर फिरवतो. आणि शोल्डरवर मेण साचू द्यायचं नाही. डायमध्ये त्याला जायला जागा नसते, मग ते पितळच आत दाबतं आणि शोल्डरवर खळगा पडतो. सुरुवातीला माझ्या बऱ्याच केसेसना असे खळगे पडले. हौसेला मोल नसतं म्हणून सोडून दिलं.

पण प्रत्येक केस माझ्या बोटांतून जाते. एखादी राहिली तर ती कोरडी आहे हे हातालाच समजतं, डोळ्यांवर विसंबावं लागत नाही. नेकला गेलेला तडाही कधी कधी असाच सापडतो, जो स्प्रेच्या पिशवीत मला कधीच दिसला नसता. कदाचित हा माझ्या घाईचा दोष असेल. सावकाश काम करणाऱ्याला लॅनोलिन वर्षानुवर्षं दगा देत नाही, असे लोक मला माहीत आहेत. ओल्या पद्धतीने, स्टीलच्या पिनांसोबत धुतलेलं पितळ वापरत असाल तर मात्र मेणाकडेच वळा असं मी म्हणेन, निदान नेकसाठी आतून काहीतरी लावा. ते इतकं स्वच्छ होतं की वंगणासारखा चालणाऱ्या काजळीचा थोडा आधारही उरत नाही.

साइझिंग झाल्यावर दोन्ही पुसून काढायचंच. वंगण राहिलेली केस झाडताना बंदुकीच्या चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा जोर बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर) येतो. इथे मेण फडक्याने लवकर निघतं, लॅनोलिनच्या केसेस मी टंबलरमध्ये (घुसळून साफ करणाऱ्या यंत्रात) टाकतो.

नवीन डाय असेल तर आतलं पॅकिंगचं तेल आधी साफ करा, आणि दांडा जड लागला की तिथेच थांबून केस खाली आणा; तेवढ्यात ती बहुधा सुटते. स्प्रेची बाटली मी टाकलेली नाही. .२२३ चा मोठा ढीग असला की काढतो, आणि तेव्हाही पहिल्या दोन-तीन केसेसना बोटाने मेण लावतोच.