साम्बा फाइल सर्व्हर : कॅपिटल-स्मॉल नावांच्या कसोटीवर

पुण्यातील आमच्या छोट्या प्रकाशन कार्यालयात अक्षरजुळणी विंडोजवर, मुखपृष्ठे मॅकवर आणि जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पानांची सफाई लिनक्सवर होते, आणि या तिन्ही ठिकाणच्या फायली एकाच लिनक्स सर्व्हरवर, साम्बा या, लिनक्सवरील फायली विंडोज व मॅकला वापरू देणाऱ्या सॉफ्टवेअरने उघडून दिलेल्या सामायिक फोल्डरांत राहतात. साम्बाचा वेग आणि परवानग्यांची व्यवस्था यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे एकाच गोष्टीची पारख करायची आहे, ती म्हणजे फाइलच्या नावातील कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा भेद साम्बा कसा हाताळतो.

लिनक्सच्या दृष्टीने कॅपिटल आरने सुरू होणारी ‘रिपोर्ट’ आणि स्मॉल आरने सुरू होणारी ‘रिपोर्ट’ या दोन स्वतंत्र फायली आहेत. विंडोज नाव जसे लिहिले तसे जपून ठेवते, पण शोधताना हा भेद मानत नाही. मॅकची एपीएफएस ही फाइल प्रणालीही (डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) मूळ मांडणीत तशीच वागते. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये कॅनबेरा येथे विद्यार्थी असताना ज्या सर्व्हरची सुरुवात केली, त्याला पहिल्यापासून या दोन समजुतींच्या मध्ये उभे राहावे लागले आहे. भेद मानणाऱ्या डिस्कवर बसून, भेद न मानणाऱ्या ग्राहकाला, म्हणजे फाइल मागणाऱ्या संगणकाला, त्याच्या अपेक्षेप्रमाणे उत्तर देणे हे साम्बाचे काम आहे आणि ते तो प्रामाणिकपणे करतो, असे माझे मत अनेक वर्षांच्या वापरानंतर झाले आहे.

साम्बातील ‘केस सेन्सिटिव्ह’ (कॅपिटल-स्मॉलचा भेद मानणे) या पर्यायाचे मूळ मूल्य ‘ऑटो’ असते आणि विंडोज ग्राहकासाठी त्याचा अर्थ ‘नो’ असाच होतो. मागितलेले नाव साम्बा आधी जसेच्या तसे शोधतो. ते सापडले नाही, तर तो संपूर्ण फोल्डर वाचून प्रत्येक नाव कॅपिटल-स्मॉल न पाहता ताडून बघतो आणि पहिले जुळणारे नाव स्वीकारतो. लिनक्सवरून कोणी केवळ कॅपिटल-स्मॉलने वेगळ्या अशा दोन फायली एकाच ठिकाणी ठेवल्या आणि विंडोजवरून तिसऱ्याच रूपात ते नाव मागितले गेले, तर कोणती फाइल उघडेल हे फोल्डरमधील क्रमावर ठरते. ही अडचण काल्पनिक नाही. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या स्वतःच्या संहितेत, नेटवर्कवरील माहिती गाळणाऱ्या नेटफिल्टर विभागात, अशा जोड्या आहेत आणि ती संहिता भेद न मानणाऱ्या फोल्डरात उलगडली की जोडीतील एक फाइल दुसरीवर लिहिली जाते.

शंभर-दोनशे फायलींच्या फोल्डरात ही शोधाशोध जाणवतही नाही. एका फोल्डरात लाखभर फायली असतील, तर मात्र नवी फाइल निर्माण करणे हेच सर्वांत महाग काम ठरते, कारण नवे नाव कोणत्याही रूपात आधीपासून अस्तित्वात नाही याची खात्री सगळी नावे वाचल्याशिवाय देता येत नाही. साम्बाच्या पुस्तिकेत यावर उपाय दिला आहे : ‘केस सेन्सिटिव्ह’ येस, ‘डिफॉल्ट केस’ लोअर, आणि ‘प्रिझर्व्ह केस’ व ‘शॉर्ट प्रिझर्व्ह केस’ दोन्ही नो. असे केल्यावर येणारे प्रत्येक नाव स्मॉल अक्षरांत बदलले जाते आणि एकाच थेट शोधात काम होते. स्कॅन केलेल्या पानांच्या फोल्डरासाठी हा उपाय मला मनापासून पटतो. पान क्रमांकांच्या नावांत कॅपिटल अक्षरांचे कोणालाच अगत्य नसते. लेखकांच्या हस्तलिखितांच्या फोल्डरात मात्र, माणसांनी विचारपूर्वक दिलेली नावे सर्व्हरने परस्पर बदलावीत, हे मला मान्य नाही.

या उपायाची एक अट आम्ही सुरुवातीला नीट वाचली नव्हती. फोल्डरातील जुनी सर्व नावे आधी स्मॉल अक्षरांत आणावी लागतात. आमची सफाईची स्क्रिप्ट सर्व्हरवर थेट, कॅपिटल अक्षरांतील टिफ हे शेपूट लावून फायली लिहीत होती. परिणामी विंडोजवर त्या यादीत दिसत, पण उघडायला गेले की फाइल सापडत नाही असा संदेश येई, कारण मागणीतील नाव साम्बा स्मॉल करून शोधत होता आणि डिस्कवर त्या नावाची फाइलच नव्हती. दोष सर्वस्वी आमचा होता, आणि दोन दिवस आम्ही तो परवानग्यांत शोधत राहिलो.

२०१९ मध्ये लिनक्सच्या ५.२ आवृत्तीपासून त्याच्या एक्सटी४ या फाइल प्रणालीतच भेद न मानणारे फोल्डर करण्याची सोय आली, आणि माझ्या मते साम्बाच्या या जुन्या ओझ्यावरचे खरे उत्तर तिथे आहे. डिस्क तयार करताना ‘केसफोल्ड’ गुण चालू करावा, रिकाम्या फोल्डराला, गुणधर्म बदलणाऱ्या चॅटर आज्ञेने, कॅपिटल एफचा गुणधर्म द्यावा आणि साम्बात ‘केस सेन्सिटिव्ह’ येस ठेवावे. मग नावे दिली तशी जपली जातात आणि जुळणी डिस्कच्या सूचीतूनच होते. फोल्डर रिकामे असले पाहिजे ही अट मात्र कठोर आहे. झेडएफएस या दुसऱ्या फाइल प्रणालीतही हा निर्णय डेटासेट, म्हणजे तिचा स्वतंत्र विभाग, निर्माण करतानाच घ्यावा लागतो. म्हणून नवा सर्व्हर मांडणाऱ्या प्रत्येकाला माझा आग्रह राहील की पहिली फाइल येण्यापूर्वी प्रत्येक फोल्डराचा स्वभाव ठरवावा.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, तेव्हा मराठी नावांना याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे, कारण एकच मराठी नाव दोन प्रकारे साठवले जाऊ शकते. ‘कऱ्हाड’ या नावातील ऱ हे एकसंध अक्षर म्हणूनही साठवता येते आणि र व नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे दोन भागांतही. मॅकची जुनी एचएफएस प्लस प्रणाली नावे अशी सुटी करूनच साठवत असे. त्यामुळे जुन्या मॅकवरून आलेले ‘कऱ्हाड’ आणि विंडोजवर टाइप केलेले ‘कऱ्हाड’ साध्या एक्सटी४ फोल्डरात शेजारी शेजारी, डोळ्यांना हुबेहूब सारखे, पण दोन वेगळे म्हणून नांदतात. केसफोल्ड केलेले फोल्डर ही दोन्ही रूपे एकच मानते, आणि केवळ एवढ्यासाठीसुद्धा मी मराठी कार्यालयाला त्याची शिफारस करीन.

त्याच फोल्डराची एक बाजू आपल्याला अडचणीची आहे. अक्षरे जोडण्यासाठी वापरली जाणारी अदृश्य चिन्हे नावांची तुलना करताना तेथे वगळली जातात. अदृश्य चिन्ह घालून लिहिलेले ‘दर्‍या’, म्हणजे डोंगरांमधल्या, आणि ‘दर्या’, म्हणजे समुद्र, ही त्याच्या लेखी एकच नावे ठरतात. एकसंध ऱ वापरून ‘दऱ्या’ लिहिले तर हा घोटाळा होत नाही, म्हणून आमच्या कार्यालयात फायलींची नावे त्याच अक्षराने टाइप करण्याचा नियम आता कळफलकाच्या मांडणीसह प्रत्येक संगणकावर लावलेला आहे.