शहीद द्वीपावरचं घर आणि आमचे ४५,२९९ रुपये

अंदमानच्या सहलीत घर बुक करताना आम्ही फसवले गेलो. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे "नेमके किती गेले गो?" हा प्रश्न पुन्हा कोणी विचारणार नाही. आगाऊ १५,५००. बोटीची तिकिटं १६,८००. परमिट ३,०००. आणि शेवटी, धक्क्यावर उभं असताना, ९,९९९. एकूण ४५,२९९ रुपये. गोव्याच्या मोपा विमानतळावरून जायची तिकिटं मी स्वतः कंपनीच्या साइटवर काढली होती, तेवढी खरी निघाली.

दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचं, पण रिसॉर्टमध्ये राहायचं नाही, हे माझंच ठरलेलं होतं आणि ते आजही मला बरोबर वाटतं. आम्ही गोव्याची माणसं. पूल, बुफे, रात्री उशिरापर्यंत धडधडणारं संगीत हे सगळं आमच्या दाराशी आहे, त्यासाठी एवढा प्रवास करून बंगालच्या उपसागरात कशाला जायचं? मुलांनी गावात राहावं, ओहोटीला खडकांमधलं प्रवाळ बघावं, सासू-सासऱ्यांना घरचं जेवण मिळावं, एवढीच अपेक्षा. म्हणून नील बेट निवडलं, म्हणजे २०१८ पासूनचं शहीद द्वीप. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं लहानसं बेट, अख्ख्या अंदमानला भाजी पुरवणारं. गावांची नावंसुद्धा रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. आईंना तर ही नावं ऐकूनच तिथे जावंसं वाटलं.

सहलींच्या एका गटात मी चौकशी केली आणि तासाभरात एकाचा मेसेज आला. 'रिसॉर्ट नको असणाऱ्या कुटुंबांसाठी' सीतापूरला दोन खोल्यांचं घर, जेवणासकट. पुढे काय झालं असेल ते वाचणाऱ्यांना कळलंच असेल. हे प्रकार कसे चालतात ते मलाही माहीत होतं. दर डिसेंबरात कळंगुट-कांदोळीत व्हिला बुक केलेली कुटुंबं बॅगा घेऊन रस्त्यावर उभी राहतात, हे आपण गोव्यातले लोक पेपरात वाचतोच की. पण हा माणूस घाई करत नव्हता. पोर्ट ब्लेअरला नव्या नावाने, श्री विजयपुरम म्हणत होता. खासगी बोटी हाडोच्या धक्क्यावरून सुटतात, सरकारी फिनिक्स बेवरून, हे त्याने न विचारता सांगितलं आणि ते खरंही आहे. अशा माणसावर कोण संशय घेईल?

आता तो फोटो.

त्याने घराचे चार-पाच फोटो पाठवले. त्यातला एक अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुढे ओटी, बाजूला अबोलीची कुंडी, आणि कुंडीच्या मागे तांबूस, भोकाभोकांची, गिलावा न केलेली भिंत. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यभर बांधकामाची कंत्राटं घेतली. त्यांनी चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "हो चिरो न्हय गो?" चिरा म्हणजे आमच्याकडचा तांबडा जांभा दगड. मी म्हटलं, बाबा, अंदमानात कुठला चिरा? ते म्हणाले, तेच विचारतो. आई म्हणाल्या, "हें आमच्या गोंयचें घर कशें दिसता."

तिथेच ते कळायला हवं होतं. चिरा डोळे मिटून हाताने ओळखणारा माणूस घरात, फोटो समोर, प्रश्नही त्यांनी नेमका विचारलेला. त्याच मिनिटाला सगळं संपायला हवं होतं, तेव्हा गेले होते फक्त १५,५००. पण मी गप्प बसले नाही, त्याला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, इथे केरळची माणसं पुष्कळ आहेत, मालकही तिकडचे, तशीच घरं बांधतात." अंदमानात मल्याळी वस्ती खरंच आहे. केरळात चिऱ्याची घरंही असतात. मग मी यापुढे काय विचारायचं होतं? बाबा काही बोलले नाहीत, फोन परत दिला आणि आत गेले. ते आत गेले तो क्षण मला रोज आठवतो आणि रोज चीड येते.

परत आल्यावर फोटो मुळात कुठला ते शोधणाऱ्या गुगल लेन्समध्ये तो टाकला. घर आमच्याच गोव्यातल्या बार्देशातलं. मालकीणबाई भल्या, त्यांनाही काही पत्ता नव्हता, त्यांचा फोटो उचललेला. कोणाकडूनही घराचे फोटो आले की आधी लेन्समध्ये टाका, पैशाची गोष्ट नंतर.

आणि सीतापूर! ओटीवर बसून संध्याकाळी साडेसहाला सूर्यास्त बघा, असं तो फोनवर सांगत होता. सीतापूरचा किनारा पूर्वेकडचा, तिथे सूर्योदय बघायला जातात. सूर्यास्ताला लोक लक्ष्मणपूरला जातात. शिवाय दिवाळीच्या दिवसांत तिकडे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, साडेसहाला काळोख असतो. तिथे एक दिवस राहिलेला माणूससुद्धा असं बोलणार नाही. जिथे जायचं तिथल्या सूर्यास्ताची वेळ समोरच्याला विचारून बघा, इतकी साधी परीक्षा आहे.

परमिटचे ३,००० तर चक्क चोरी. माणशी ५०० प्रमाणे सहा जणांचे. भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील इथे जायला परमिट लागतच नाही. आदिवासी राखीव भाग आणि निकोबारची गोष्ट वेगळी. हे कोणीही सांगितलं असतं, पण परमिट हा शब्द ऐकला की आपण सरकारी काम म्हणून पैसे देऊन मोकळे होतो. वर सहाही जणांच्या आधारकार्डांचे फोटो घेतले. ती कार्डं आता कोणाच्या हातात आहेत, हा विचार पैशांपेक्षा जास्त छळतो. निदान मास्क केलेलं आधार पाठवा, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

धक्क्यावरचं लिहायला मला अजून जड जातं. सकाळची बोट. सहा जणांची जाऊन-येऊन बारा तिकिटं, प्रत्येकी १,४००. काउंटरवरच्या मुलीने माझ्या फोनचा उजेड वाढवला, स्कॅन केलं, पुन्हा केलं, मग स्वतःच्या ओढणीच्या टोकाने स्क्रीन पुसून आणखी एकदा केलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, ये पीएनआर हमारा नहीं है।" मागे रांग. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, बॅगेवर बसलेले. मी त्याला फोन लावला, आणि त्याने उचलला! माफी मागितली, सिस्टिमचा घोळ म्हणाला, तिकिटांचे पैसे लगेच परत करतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, तेवढ्यात दुसरी तिकिटं घ्या. बोट सुटायला थोडा वेळ उरलेला, पोरं रडकुंडीला आलेली. पिन टाकला आणि ९,९९९ खात्यातून गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही. हे मलाही माहीत होतं. पण त्या रांगेत, त्या गोंगाटात कोणाचं डोकं ठिकाणावर राहिलं असतं ते मला सांगा.

पहिल्याच वेळी यूपीआयवर भलतंच नाव दिसलं होतं, "मेहुण्याचं खातं" म्हणाला. मेहुण्याच्या, भाच्याच्या, मॅनेजरच्या खात्यात पैसे घालू नका.

दुपारी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. जितक्या लवकर कराल तितकं बरं, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात. माझे ६,२०० असे अडकले. अडकले म्हणजे मिळाले नाहीत! बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. तिथल्या एका ठाण्यात गेलो तर म्हणाले, तुम्ही गोव्याचे, पैसे गोव्यातून भरलेत, तिकडे जा. इकडच्या ठाण्यात आलो तर म्हणाले, प्रकार अंदमानात घडला, खातं तिसऱ्याच राज्यातलं, आम्ही काय करणार? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची. मी ते कलम छापून नेलं. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी कागद न वाचता उलटा करून त्यावर चहाचा ग्लास ठेवला आणि मला विचारलं, "बाई, शिकलेल्या दिसता, मग पैसे घातलेच कशाला?" ह्या प्रश्नाचा कायद्याशी संबंध काय? चोराला कोणी विचारत नाही, माझी मात्र उलटतपासणी. लेखी अर्ज ठेवून घेतला, शिक्का मारायला तयार नव्हते. शिक्का मिळेपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही. तुम्हीही उठू नका.

बँकेचं उत्तर दोन ओळींचं: व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केला, सबब जबाबदारी नाही. लेखी तक्रार करून तीस दिवस थांबले. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज टाकलाय, तो ऑनलाइन करता येतो, पैसे लागत नाहीत. चॅट, नंबर, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, काहीही पुसू नका. रागाने त्याला ब्लॉक करायची घाईही करू नका. मी केलं आणि त्याचा प्रोफाइल फोटो माझ्याकडे राहिला नाही.

गोव्यात पर्यटकांना खोली द्यायची तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, १९८२ पासूनचा कायदा आहे. आमच्या ओळखीत दोन घरांनी ती केलेली आहे, प्रमाणपत्र ओटीवर टांगलेलं असतं. तेव्हा कुठल्याही बेटावर, कुठल्याही घरमालकाकडे नोंदणीचा कागद मागायला लाजू नका. खऱ्याला त्याचा राग येत नाही.

नीलला आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. बेट चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, जेट्टीजवळ विचारून खोलीही मिळाली. त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही.

परवा त्याच गटात तीच भिंत, तीच अबोलीची कुंडी पुन्हा दिसली. ह्या वेळी घर हॅवलॉकला, नाव दुसरं, नाताळच्या सुट्टीसाठी 'शेवटच्या दोन खोल्या'. मी खाली लिहिलं तर माझी कमेंट उडवली. तुमच्यापैकी कोणी त्याला पैसे भरले असतील तर हे वाचून होईपर्यंतही थांबू नका, १९३० लावा, आणि बोटीच्या कंपनीला स्वतः फोन करून पीएनआर विचारा.