रात्रपाळीचे दोन तुकडे करणारे हजेरीयंत्र : आठ महिन्यांच्या वापरानंतर

बोटाच्या ठशावर चालणाऱ्या हजेरीयंत्रात किती ठसे साठतात आणि ते किती सेकंदांत ओळख पटवते, हे खोक्यावरच छापलेले असल्याने येथे पुन्हा लिहीत नाही. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचा या यंत्राशी खरा संबंध येतो तो रात्री आठ ते पहाटे चार या पाळीपुरता, आणि गेल्या हंगामातील माझ्या बहुतेक सकाळी या एकाच पाळीची हजेरी दुरुस्त करण्यात गेल्या.

यंत्र ऑक्टोबरात बसले, तेव्हा मी त्याचे कौतुकच केले होते. एकाने दुसऱ्याची सही ठोकण्याचा प्रकार बंद झाला आणि महिनाअखेरीस मस्टरची, म्हणजे हजेरीपत्रकाची, बेरीज करायला लागणारे दोन दिवस वाचले. व्यवस्थापनाला मी तसा अनुकूल अहवालही दिला, जो आज वाचताना संकोच वाटतो. कारण त्या वेळी मोळी पडायची होती, म्हणजे उसाचे गाळप सुरू व्हायचे होते, आणि सगळे कामगार दिवसाच कामावर येत होते.

हंगाम सुरू होऊन तीन पाळ्या लागल्या आणि घोटाळा उघड झाला. यंत्र रात्री बाराला दिवस बदलते, दिवसातील पहिली नोंद ‘आत’ आणि शेवटची ‘बाहेर’ समजते. त्यामुळे चौदा तारखेला रात्री आठला आलेल्या कामगाराची त्या दिवशी ‘अपूर्ण नोंद’ लागते. पंधराला पहाटे चार वाजून पाच मिनिटांनी तो घरी जायला निघतो आणि संध्याकाळी सात पन्नासला पुन्हा कामावर येतो. यातली पहिली नोंद ‘आत’ आणि दुसरी ‘बाहेर’ धरून यंत्र त्याच्या नावावर पावणेसोळा तास काम दाखवते. म्हणजे एका दिवसाचा पगार अडतो आणि दुसऱ्या दिवशी न केलेला ओव्हरटाइम निघतो. मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरावेत, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ५७ ने सांगून ठेवले होते. कारखान्यांना विकायच्या यंत्रात ती तरतूद सुरुवातीपासूनच चालू का नसावी, हे मला अजून उमगलेले नाही.

पुरवठादाराकडे तीन वेळा लेखी तक्रार केल्यानंतर आलेल्या तंत्रज्ञाने यासाठी अठरा हजारांची वेगळी प्रणाली घ्यावी लागेल, असे सांगितले. यंत्राच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट रक्कम ऐकून मी स्वतःच संगणकावरील एकेक पर्याय उघडून पाहू लागलो आणि जानेवारीत ‘मध्यरात्र ओलांडणारी पाळी’ अशी खूण सापडली, ती फुकटच होती. त्यामुळे यंत्राविषयीचे माझे मत बरेच निवळले, पुरवठादाराविषयीचे मात्र नाही. केवळ दिवस बदलण्याची वेळ पुढे ढकलून आमचे भागले नसते, कारण पहाटे चारच्या सुमारास एक पाळी बाहेर पडत असते तेव्हाच दुसरी आत येत असते. ही खूण उपयोगी पडण्यासाठी प्रत्येक कामगाराची पाळी दर आठवड्याला संगणकात भरावी लागते, ती मी रविवारी भरतो.

तरीही लागोपाठ दुसरी पाळी करणारा बदली कामगार यंत्राला समजत नाही, अवेळी बोलावलेला माणूसही समजत नाही. मिलच्या बेअरिंगमध्ये बिघाड झाल्याने एका फिटरला रात्री १.४० ला घरून बोलावले आणि तो सकाळी ७.१५ ला मोकळा झाला, त्याच्या नावापुढे यंत्राने ‘पाळी जुळत नाही’ एवढेच छापले. जुन्या हजेरीपत्रकात शेऱ्याचा रकाना होता. येथे तो नाही. म्हणून कोणाला, कोणाच्या सांगण्यावरून, कशासाठी बोलावले आणि किती तास ओव्हरटाइम धरावा, हे मी आजही दैनिक अहवालात हाताने लिहितो. फिटरच्या दुप्पट दराच्या मजुरीला लेखा विभागाने हरकत घेतली, तेव्हा तो अहवालच उपयोगी पडला.

बाकी त्रास किरकोळ आहेत. चुन्याच्या कामावरील लोकांचे ठसे झिजलेले असल्याने त्यांना कार्डे दिली. वीज गेल्यावर घड्याळ २००० सालात जाऊन बसू लागले, ते आतला बटणासारखा सेल तीस रुपयांत बदलून थांबले. वार्षिक देखभाल कराराचे अडीच हजार यंदा भरू नयेत, असे मी टिपणीत लिहिले आहे. तीन पाळ्यांच्या कारखान्यासाठी कोणी हे यंत्र घेणार असेल, तर विक्रेत्याला आपल्याच रात्रपाळीच्या चार दिवसांच्या नोंदी देऊन त्यांचा अहवाल समोर छापून मागावा आणि तो मस्टरशी जुळल्यावरच धनादेशावर सही घ्यावी.