टूरिंग सायकल: लांबचा प्रवास आणि मागच्या चाकाची उजवी बाजू

स्पेसिफिकेशन पुन्हा लिहीत बसत नाही. क्रोमोली फ्रेम, पुढे तीन मागे नऊ गिअर, डिस्क ब्रेक, दोन्ही कॅरिअरसाठी भोकं... ज्यांना घ्यायची आहे त्यांना हे तोंडपाठ असतं. मलाही होतं. त्या यादीत मागच्या चाकाबद्दल एवढंच होतं: '३२ स्पोक, डबल वॉल रिम'. प्रवासभर माझं डोकं खाल्लं ते या चार शब्दांमागच्या वस्तूनं.

बाकीचं पटकन सांगते. गिअर उत्तम, सामान लादून चढावर सर्वांत लहान चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) नसती तर उतरून ढकलत बसले असते. ३५ मिलिमीटरचे टायर पुरेसे. चेन झिजून तिची लांबी ०.७५ टक्क्यांनी वाढली की बदलली, नाहीतर ती कॅसेटही (मागच्या गिअरचक्रांचा गठ्ठा) खाते आणि कॅसेट चेनपेक्षा महाग असते. सीट टोचते का, हे सगळे विचारतात. टोचते. सवय होते.

आता चाक. लांबलचक चढावर मागून 'टण्ण' आवाज आला आणि सायकल डुलायला लागली. उजवीकडची, म्हणजे गिअरच्या बाजूची तार (स्पोक) हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, वाकलेल्या कोपऱ्यातच तुटली होती. नेमक्या त्या बाजूची तार बदलायची तर आधी कॅसेट उतरवावी लागते, आणि तिला धरून ठेवणारी लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला, म्हणजे चांगलीच घट्ट, आवळलेली असते. रस्त्याच्या कडेला ते जमत नाही. केव्हलर या चिवट धाग्याच्या दोरीची तात्पुरती तार जवळ होती, ती कॅसेट न काढता हबच्या भोकातून ओवता येते. डिस्क ब्रेक असल्यानं वाकडी रिम ब्रेकला घासत नव्हती. टायर मडगार्डला घासत होता, म्हणून ते काढून बॅगेवर बांधलं.

पुढच्या मेकॅनिकनं नवी तार घालून आउट काढला, म्हणजे डुलणारी रिम सरळ केली. थोड्याच दिवसांत शेजारची तुटली. मग आणखी एक. बाजू तीच, जागाही तीच.

कंपनीला फोटोसकट मेल केला. उत्तर: 'ओव्हरलोडमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.' मागच्या कॅरिअरवरच २५ किलो असं कोरलेलं आहे आणि माझं मागचं सामान पाण्यासकट १७ किलो. बॅगा काट्यावर ठेवून फोटो पाठवला. तर म्हणे, चालवणाऱ्याचं वजनही धरावं लागतं. सायकलवर कोणीतरी बसणार, ही शक्यता बहुधा डिझाइन करताना लक्षात आली नसावी.

इथपर्यंतचा अनुभव लिहिला असता तर शेवट 'तारा भंगार, घेऊ नका' असाच केला असता. पण पुढे एका वयस्कर मेकॅनिकनं चाक हातात घेऊन आउट बघितलाच नाही. उजवीकडची एकेक तार बोटानं छेडत गेला. एक टणक वाजायची, शेजारची भद्द. चाक फिरवलं तर सरळ! रिम सरळ असली म्हणजे ताण सारखा असतो असं नाही. एक तार जास्त आवळून आणि शेजारची ढिली ठेवूनही आउट निघतो. यंत्रावर घाईत बांधलेल्या चाकात हे सर्रास होतं.

कॅसेटला जागा द्यायची म्हणून मागच्या चाकाच्या उजव्या तारा जवळपास उभ्या असतात, त्यामुळे ताण त्यांच्यावर जास्त. डावीकडे बरेचदा त्याच्या निम्माच. चाक फिरताना जी तार जमिनीकडे येते तिचा ताण क्षणभर उतरतो आणि पुन्हा चढतो. या टायरवर एका किलोमीटरला चाकाचे सुमारे ४६० फेरे होतात, म्हणजे १०० किलोमीटरमध्ये प्रत्येक तार ४६ हजार वेळा हा हेलकावा खाते. मुळातच ढिली असलेली तार दर फेऱ्याला पार सैल पडते, कोपऱ्यात हलते आणि तिथंच धातू थकतो. तुटलेल्या टोकावरही तेच दिसत होतं: एका बाजूनं गुळगुळीत, जुनी चीर, उरलेला भाग खडबडीत, ताजा.

त्यानं उजव्या बाजूच्या सगळ्याच तारा बदलल्या, कारण राहिलेल्याही तेवढ्याच थकलेल्या होत्या. रिम तीच, हब तोच, नव्या तारा त्याच साध्या २ मिलिमीटरच्या. ताण एकसारखा केला, समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून करकचून दाबल्या, पुन्हा आउट काढला. त्यानंतर प्रवास संपेपर्यंत, तेच सामान आणि तेच माझं वजन घेऊन, एकही तार तुटली नाही. खर्च एका चांगल्या टायरपेक्षा कमी. हे कारखान्यात करायला कितीसा वेळ लागला असता? पण फ्रेमचा रंग कॅटलॉगमध्ये दिसतो, तारांचा ताण दिसत नाही.

म्हणून सायकल घ्या, फ्रेमबद्दल तक्रार शून्य. मात्र सामान बांधण्याआधी चाक कुणा जाणकाराकडून नीट ताणून घ्या. जादा तारा नेताना डाव्या-उजव्या वेगळ्या मोजा, लांबीत दोनेक मिलिमीटरचा फरक असतो.

आता कंपनीनं 'सद्भावना म्हणून' तसंच यंत्रावर बांधलेलं ३२ तारांचं नवं चाक अर्ध्या किमतीत देऊ केलंय. नको म्हणून कळवलं. त्याच पैशात ३६ भोकांचा हब येतो आणि बांधणारा माणूस आता माहीत आहे.